आजच्यापुरते वचन

नित्यनेम ही गोष्ट मराठी घराला नवी नाही. स्नान आटोपून ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचल्याशिवाय चहाला हात न लावणारे आजोबा, दिवेलागणीला हरिपाठ म्हणणारी वारकऱ्याची ओसरी, मुलांकडून मनाचे श्लोक वदवून घेणारी आई, ही चित्रे महाराष्ट्रात कोठेही दिसतात. ग्रंथ कितीही मोठा असला तरी रोजचा वाटा लहान असतो, आणि लहान असतो म्हणूनच तो टिकतो.

ख्रिस्ती परंपरेतही असाच एक नेम आहे. बायबलातील एखादे वचन किंवा छोटासा उतारा घ्यावयाचा, त्यावरचे दोन-चार परिच्छेदांचे विवरण वाचावयाचे, त्या वचनाचा आजच्या दिवसाशी काय संबंध आहे याचा विचार करावयाचा आणि एका लहानशा प्रार्थनेने उठावयाचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. यालाच दैनिक मनन म्हणतात. चेन्नई शहरातील अनेक ख्रिस्ती घरांत हे मनन तमिळ भाषेत चालते. कोठे ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर असते, कोठे मासिक पुस्तिकेत, तर अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही येते. साधन बदलले तरी घडण बदललेली नाही: एक वचन, एक विचार, एक प्रार्थना.

वरवर पाहता ही फार साधी गोष्ट वाटते. परंतु हिब्रू आणि ग्रीक भाषांत लिहिलेला ग्रंथ मद्रासच्या एखाद्या कारकुनाच्या किंवा कोळ्याच्या घरी रोज सकाळी वाचला जावा, यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक म्हणजे त्या ग्रंथाला घरची भाषा लाभावी लागली. दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. वाचलेल्या वचनाला त्याच दिवशीच्या व्यवहारात उभे राहावे लागले. पहिल्या गोष्टीचा इतिहास विद्वत्तेचा आणि परिश्रमाचा आहे. दुसऱ्या गोष्टीचा इतिहास यशापयशाचा आहे, आणि त्या इतिहासात तंजावरच्या एका मराठी राजाचेही नाव येते.

रोजच्यापुरते घ्यावे ही कल्पना बायबलातच आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यातून चालले असता त्यांना आकाशातून मान्ना नावाचे अन्न मिळे, अशी कथा निर्गम या पुस्तकात येते. ते अन्न ज्याने त्याने त्या दिवसापुरतेच गोळा करावयाचे असे. उद्यासाठी कोणी साठवून ठेवले, तर त्यात किडे पडत. विसाव्याच्या दिवसाचे अन्न मात्र आदल्या दिवशी घेण्याची मुभा होती. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही वर्षभराच्या धान्याची मागणी नाही, आजच्या अन्नाची आहे. दैनिक मननाची सारी परंपरा या दोन स्थळांवर उभी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे निरनिराळ्या पंथांनी या रोजच्या वाट्याची निरनिराळी मांडणी केली. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ साली नवी वाचनमाला ठरविली. तिच्यात रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे, तर इतर वारांचे दोन वर्षांचे आहे. मठवासी साधूंची पद्धत याहून जुनी. बाराव्या शतकातील गीगो नावाच्या एका साधूने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. आपल्याकडील श्रवण, मनन आणि निदिध्यासन या क्रमाची आठवण ज्याला आहे, त्याला या पायऱ्या परक्या वाटणार नाहीत.

आज ज्याला आपण दिवसाचे वचन म्हणतो, त्या प्रकाराचा एक ठळक उगम मात्र नेमका सांगता येतो. जर्मनीत हेर्नहूट नावाचे एक गाव आहे. धर्मच्छळामुळे घरदार सोडून आलेल्या मोरेव्हियन लोकांना काउंट त्सिंत्सेनडॉर्फ या जहागीरदाराने तेथे आसरा दिला होता. ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या सभेत त्याने लोकांना दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. तेव्हापासून रोज एक वचन घरोघर जाऊन सांगण्याची रीत तेथे पडली. १७३१ साली वर्षभराच्या वचनांचे पहिले पुस्तक छापले गेले आणि ती वार्षिक माला आजतागायत चालू आहे. जुन्या करारातील वचन चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्याला साजेसे नव्या करारातील वचन विचारपूर्वक जोडतात. दारावर येऊन कोणी एक वाक्य सांगून जावे आणि घरातल्या माणसांनी दिवसभर ते मनात घोळवावे, एवढीच ती कल्पना.

या त्सिंत्सेनडॉर्फचे शिक्षण हाल्ले या नगरात झाले होते. हाल्ले हे त्या काळी भक्तिपर ख्रिस्ती चळवळीचे मोठे केंद्र होते. धर्म हा पंडितांच्या वादाचा विषय न राहता घराघरांत आणि अंतःकरणात रुजावा, प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे, असा त्या चळवळीचा आग्रह असे. याच हाल्लेतून तमिळ देशाकडे धर्मोपदेशक येऊ लागले. म्हणून हेर्नहूटच्या दारावरचे वचन आणि मद्रासच्या ओसरीवरचे वाचन ही एकाच झाडाच्या दोन फांद्यांची फळे आहेत.

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाउ हे दोन तरुण जर्मन तरंगंबाडीस उतरले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. त्सीगेनबाल्गने पंतोजीकडून तमिळ शिकून घेतली आणि नव्या कराराचे भाषांतर केले. ते १७१५ पर्यंत छापून पूर्ण झाले. भारतीय भाषेत छापला गेलेला तो पहिला नवा करार होय. जुन्या कराराचे काम रूथच्या पुस्तकापर्यंत येते न येते तोच १७१९ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षाच्या आत, तो निवर्तला. बेंजामिन शुल्त्से याने ते काम पुढे नेले आणि १७२८ साली मद्रासमध्ये मिशनचे ठाणे वसविले. आज चेन्नईच्या सेंट्रल स्थानकापासून थोड्या अंतरावर वेपेरी नावाची गजबजलेली वस्ती आहे. या ठाण्याची पुढची कहाणी त्या वेपेरीशी जोडलेली आहे.

योहान फिलिप फाब्रिसियुस १७४२ साली मद्रासला आला आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्याच परिसरात राहिला. काळ मोठा धामधुमीचा होता. १७४६ साली मद्रास फ्रेंचांच्या हाती पडले, तेव्हा त्याला पुलिकतला आश्रय घ्यावा लागला. अशा धावपळीतही त्याचे एक काम सुटले नाही, ते म्हणजे तमिळ बायबल. आधीची भाषांतरे त्याला अपुरी वाटत होती. अर्थ बरोबर असूनही वाक्य तमिळ कानाला परके वाटे, अशी ती अडचण होती. तयार झालेला मजकूर तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या अशा दोन्ही तऱ्हेच्या लोकांना वाचून दाखवी, ऐकणाऱ्याला अर्थ लागला नाही तर पुन्हा लिहावयास बसे, असे त्याच्याविषयी सांगतात.

छापखान्याची सोय युद्धाने केली. १७६१ साली इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, तेव्हा तेथील छापखाना त्यांच्या हाती लागला. सरकारी छपाईला अग्रक्रम द्यावा या अटीवर तो वेपेरीला फाब्रिसियुसच्या स्वाधीन करण्यात आला. लढाईच्या लुटीतून आलेल्या त्या यंत्रावर १७७२ साली त्याचा नवा करार छापला गेला आणि १७७९ साली तमिळ-इंग्रजी कोश निघाला. जुन्या कराराची छपाई अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरी झाली, पण ती पाहावयास तो उरला नव्हता. जर्मन भक्तिगीतेही त्याने तमिळमध्ये आणली.

घरची भाषा म्हणजे काय, हे एका शब्दावरून ध्यानात येईल. येशू स्वतःला जीवन देणारे अन्न म्हणवितो तेव्हा मूळ ग्रीक ग्रंथात पावाचा शब्द आहे. पाव हे त्या देशाचे रोजचे खाणे. तमिळ बायबलात तेथे अप्पम् आले, आणि मराठी बायबलात भाकर आली. जोंधळ्याची भाकर येशूने कधी पाहिली नसेल, परंतु भुकेल्या माणसाला पोटाशी धरावासा वाटणारा तो शब्द आहे आणि म्हणून तो बरोबर आहे. ईश्वराच्या नावाचा प्रश्न याहून बिकट होता. फाब्रिसियुसने पराबरन् हा शब्द योजला. एकोणिसाव्या शतकातील संयुक्त आवृत्तीने देवन् स्वीकारला. विसाव्या शतकातील भाषांतरांत कडवुळ् हा ठेठ तमिळ शब्द पुढे आला. यातील प्रत्येक शब्दाला मागची शैव-वैष्णव परंपरा चिकटलेली होती. जो शब्द फार जवळचा त्यात जुना अर्थ भरलेला, आणि जो अगदी कोरा तो कोणाच्याच ओठांवर नाही. अशा कात्रीतून प्रत्येक भाषांतरकाराला वाट काढावी लागली.

या कामात केवळ परदेशी लोक होते असे मात्र नाही. जाफन्याचे आरुमुग नावलर हे एकोणिसाव्या शतकातील थोर शैव पंडित. पीटर पर्सिव्हल या मिशनऱ्याच्या तमिळ बायबलाला, जे १८५० साली प्रसिद्ध झाले, त्यांचे मोठे साहाय्य झाले होते. नावलर अखेरपर्यंत कट्टर शैव राहिले. इतकेच नव्हे, तर सोपे गद्य, छापखाना आणि नित्य धर्मशिक्षण ही साधने त्यांनी पुढे शैव धर्माच्या सेवेत जोमाने वापरली. एका धर्माच्या दैनिक वाचनासाठी घडविलेली भाषा दुसऱ्या धर्माच्याही कामी आली.

आता मराठी राजाची गोष्ट. तंजावरच्या भोसले घराण्यातील तुळजाजी राजांनी १७८७ साली, मृत्यूच्या काही काळ आधी, सरफोजीला दत्तक घेतले. मूल दहा वर्षांचे. गादीवर दुसऱ्याने हक्क सांगितला आणि मुलाच्या जिवालाच धोका निर्माण झाला. तेव्हा ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्त्झ या वृद्ध जर्मन धर्मोपदेशकाने त्याचे पालकत्व सांभाळले. १७९३ साली सरफोजीला सुरक्षिततेसाठी मद्रासला आणण्यात आले. तेथे वेपेरीचे मिशन सांभाळणाऱ्या गेरिके याने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. १७९८ साली श्वार्त्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला.

सरफोजी ख्रिस्ती झाला नाही. तो आपल्या कुलधर्माप्रमाणे वागला. बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या वंशाचा मराठी इतिहास त्याने शिलांवर कोरविला आणि काशीयात्राही केली. परंतु गुरूचे ऋण तो विसरला नाही. लंडनचा नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याने श्वार्त्झचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्त्झ आणि त्याच्याजवळ उभा असलेला तरुण राजा असे ते शिल्प आहे. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहावयास मिळते. त्याच्या समाधीसाठी सरफोजीने स्वतः इंग्रजीत पद्य रचले. धर्मांतर न करता एखाद्याच्या धर्मनिष्ठेचा इतका आदर करता येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. श्वार्त्झने रोज काय वाचले हे सरफोजीला सांगावे लागले नसेल. त्या वाचनाने घडलेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता.

श्वार्त्झच्याच छायेत वाढलेला दुसरा विद्यार्थी म्हणजे वेदनायकम शास्त्री, तमिळ ख्रिस्ती कवितेतील अग्रगण्य नाव. जन्म १७७४, मृत्यू १८६४. सरफोजीच्या दरबारीही त्याच्या कवित्वाचा सन्मान झाला. बेथलेहेम कुरवंजी या त्याच्या काव्यनाट्यात भविष्य सांगणारी कुरत्ती ही तमिळ लोकनाट्यातील स्त्री ख्रिस्तकथेत आली आहे. कर्नाटक रागांत बांधलेली ख्रिस्ती कीर्तने तमिळ घरांत संध्याकाळी म्हटली जाऊ लागली, त्या परंपरेत त्याचा वाटा फार मोठा. वाचलेले वचन ज्याला आठवत नाही त्यालाही गाइलेले पद आठवते. ज्या तंजावरात मराठी कीर्तनकारांच्या सहवासातून तमिळ हरिकथेला नवे रूप आले, त्याच तंजावरात ख्रिस्ती भजनालाही सूर सापडला, हा योगायोग केवळ भूगोलाचा नव्हे.

येथवरचा इतिहास सुखाचा आहे. परंतु वचन घरात आले म्हणजे ते घराच्या साऱ्या सवयींशी भिडते, आणि तेथे खरी परीक्षा सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडहून आणि जर्मनीहून नव्या पिढीचे मिशनरी आले. त्यांनी फाब्रिसियुसच्या बायबलात फेरफार करावयास घेतले, उपासनेतील तमिळ गायनाला आणि सणासुदीच्या फुलांना हरकत घेतली, आणि चर्चमध्ये उच्च व कनिष्ठ जातींनी वेगळे बसावे ही चाल मोडावयास सांगितले. वेदनायकम शास्त्रीने या सर्वच गोष्टींना जोरदार विरोध केला. त्याच्या दृष्टीने हे चार अन्याय एकाच माळेचे होते. परक्यांनी येऊन आमच्या घरची भाषा, घरची गाणी, घरच्या रीती मोडाव्यात, हे त्याला सोसवले नाही.

आज मागे वळून पाहता या चार तक्रारी एका तागडीत घालता येत नाहीत. गाण्याच्या आणि फुलांच्या बाबतीत काळाने शास्त्रीचा पक्ष खरा ठरविला. आज त्याची पदे चर्चमध्ये आदराने गाइली जातात. बसण्याच्या जागेबाबत मात्र तो चुकत होता. ज्या ग्रंथाचे वाचन रोज चाले, त्यात ख्रिस्ताच्या ठायी ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही असे पौलाने गलतीकरांना स्पष्ट लिहिले आहे. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन याने चर्चमधील जातिभेद तत्काळ बंद करावा असे पत्र पाठविले. ते वेपेरीत आणि तंजावरात वाचले गेले, तेव्हा कित्येकांनी चर्चकडे पाठ फिरविली. ज्यांच्या घरी नेम चुकत नव्हता, अशीही माणसे त्यांत असणार. कारण घरच्या भाषेतील वचनात एक धोका असतो. ते इतके घरचे होऊन बसते की घराला काही विचारीनासे होते.

फाब्रिसियुसच्या स्वतःच्या आयुष्याची अखेर याहून करुण आहे. मिशनचे आणि इतरांचे पैसे त्याच्या हाती ठेवलेले असत. ते वाढावेत म्हणून त्याने व्याजाने लावले. व्यवहारात तो भोळा होता. पैसे बुडाले, देणेकरी दाराशी आले, आणि ज्याने मद्रासच्या लोकांना बायबल दिले त्या वृद्धाला कर्जापायी तुरुंगात दिवस काढावे लागले. १७८८ साली गेरिकेने वेपेरीचा कारभार हाती घेतला आणि १७९१ च्या जानेवारीत फाब्रिसियुसचे निधन झाले. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्यांचे पैसे बुडाले त्यांचे दुःखही खोटे नव्हते. ग्रंथातील एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षे झिजणाऱ्या माणसाला हिशेबाच्या वहीतील आकड्यांकडे त्याच डोळ्यांनी पाहता आले नाही. दैनिक मननाचे विवरण लिहिणारे लेखक वारंवार पैसा, राग, शेजारी, आजारपण, नोकरी या विषयांकडे वळतात, ते उगीच नव्हे. वचन चुकते ते बहुधा अशाच जागी.

महाराष्ट्रातही हीच वाट निराळ्या तऱ्हेने चालली गेली. फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्याने बायबलातील कथा मराठी पुराणाच्या घाटात बसविली. १८४२ साली अहमदनगरला निघालेल्या ज्ञानोदयाने मराठी ख्रिस्ती घरांना नियमित वाचन पुरविले. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ही संतांची साधने ख्रिस्तभक्तीसाठी हाती घेतली. तंजावरच्या शास्त्रीचे आणि नगरच्या टिळकांचे नाते येथे सहज जुळते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर फाब्रिसियुसच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते पंडितांसाठी नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनातील आणि खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित बायकांना रोज वाचता यावे, म्हणून त्यांनी अवघड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा काम नुकतेच संपत आले होते. १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात तो ग्रंथ पूर्ण छापून निघाला. ज्यांच्यापाशी सर्वांत अधिक शब्द होते त्यांनीच शब्दांचा त्याग केला, हे या भाषांतराचे खरे वैशिष्ट्य होय.

आणि वचन व्यवहारात कसे उतरते याचे मराठीतील सर्वांत जिवंत चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांत आहे. पतीने धर्मांतर केल्यावर लक्ष्मीबाईंनी कित्येक वर्षे सोवळेओवळे सोडले नाही. वादविवादाने त्यांचे मन वळले नाही. सर्व माणसे देवानेच निर्माण केली असतील तर शिवाशीव कोणी निर्माण केली, असा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात दिले. वेपेरीच्या चर्चमध्ये १८३३ सालचे पत्र जे करू शकले नाही, ते एका घरात एका बाईच्या विचाराने झाले. हुकूम आणि मनन यांतील अंतर एवढे आहे.

मद्रासमध्ये पुढे एक मोठी घटना घडली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, तेथील सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि दक्षिण भारत संयुक्त चर्च हे पंथ एकत्र येऊन दक्षिण भारताचे चर्च स्थापन झाले. युरोपातील भांडणांतून निर्माण झालेल्या भिंती निदान एका ठिकाणी तरी येथील लोकांनी पाडल्या. वेगवेगळ्या प्रार्थनाग्रंथांवर वाढलेली घरे एका वाचनक्रमाशी परिचित होऊ लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक मिस्साही लॅटिनऐवजी तमिळमध्ये होऊ लागली, आणि सांथोमच्या परिसरातील कॅथलिक कुटुंबांना दिवसाची वाचने आपल्या भाषेत ऐकू येऊ लागली. १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले.

दैनिक मननाच्या या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. एक वाक्य त्याच्या प्रकरणातून उचलले की त्याचा अर्थ हवा तसा वाकविता येतो. इयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र दुःखी माणसाला जे सांत्वन करतात ते ऐकावयास गोड आहे, पण पुढे देवच त्यांना दोष देतो. तेवढीच ओळ दिनदर्शिकेवर छापली तर वाचणाऱ्याला हे कळणार कसे? शिवाय वाक्य रोज बदलते आणि आयुष्यातील अडचण मात्र तीच राहते. म्हणून जाणते लेखक वचनाबरोबर ते कोठून आले आणि कोणाला उद्देशून लिहिले गेले हेही सांगतात. काही घरांत सबंध पुस्तक क्रमाने वाचण्याची जुनी रीत पाळली जाते ती त्यासाठीच.

तरीही ही रीत टिकून आहे. याचे कारण शेवटी मान्नाच्या कथेतच सापडते. साठविलेले अन्न नासते. ज्ञान साठविता येते, पण क्षमा करण्याचे, खरे बोलण्याचे, शेजाऱ्याला आपल्या पंगतीत घेण्याचे बळ साठविता येत नाही. ते त्या त्या दिवशी नव्याने मिळवावे लागते. फाब्रिसियुसची विद्या त्याला हिशेबात वाचवू शकली नाही. शास्त्रीची प्रतिभा त्याला जातीच्या बाकावरून उठवू शकली नाही. दोघांनीही जे मागे ठेवले ते मात्र पुढच्या पिढ्यांना त्यांच्याहून पुढे नेण्यास उपयोगी पडले.

वेपेरीच्या जुन्या वस्तीत आजही एखाद्या घरी सकाळी तमिळ बायबल उघडले जाते. डबा भरून झालेला असतो, मुलांची शाळेची गडबड असते, रस्त्यावर रहदारी सुरू झालेली असते. वाचन चार-पाच मिनिटांत आटोपते. पुस्तक मिटून माणसे घराबाहेर पडतात, आणि त्या दिवशीचे मनन खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते.